पडद्यावरची चूक

फेब्रुवारीत एका रात्री आमच्या धाकटीचा हैदराबादहून फोन आला. ‘बाबा, पुढच्या शनिवारी माझा कार्यक्रम आहे. तुम्ही आणि आई याल का?’

तिच्या तोंडून ‘माझा कार्यक्रम’ हे शब्द ऐकून मी दचकलो. का दचकलो ते पुढे सांगतो. आमची धाकटी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. संध्याकाळनंतर ती काय करते, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

‘गाण्याचा कार्यक्रम का ग?’

‘गाण्याचा नाही, बाबा. मी कॉम्प्युटरवर लिहिणार आणि लिहीन तसं ते वाजणार. मी लिहिते ते सगळं लोकांना पडद्यावर दिसत राहणार. सोबत चित्रंही असतील.’

मला काही उमगलं नाही. बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि मुलांना ते दिसतही आलं आहे. पण माझं लिहिलेलं आजवर कधी वाजलेलं नाही. मी फोन सौ.कडे दिला. तिनं एकही प्रश्न न विचारता ‘येतो’ म्हणून सांगून टाकलं.

आता दचकण्याचं कारण. आमचं आदिलाबाद म्हणजे पैनगंगेच्या अलीकडचा कापसाचा मुलूख. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे आमच्याच जिल्ह्याचे तालुके पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. आधी आंध्रात, २०१४ पासून तेलंगणात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी उर्दू, आणि आठवडी बाजाराला डोंगरातून माणसं उतरली की गोंडी. अशा ठिकाणी मराठीच्या मास्तराला आपली भाषा म्हणजे दिव्यासारखी वाटते. दोन्ही हातांनी झाकत न्यायची, वारा लागू द्यायचा नाही. उस्मानियातून मराठी घेऊन एम.ए. होऊन आल्यावर तर मला हा वारा जरा जास्तच लागत असे. मुलांच्या वहीत ‘चेट्टू’ किंवा ‘नीळ्ळू’ असा शब्द दिसला की माझी लाल शाई चालू व्हायची.

सतरा वर्षांपूर्वी मी शिकवत होतो त्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. धाकटी नऊ वर्षांची होती. तिनं ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर भाषण बसवलं होतं. मीच लिहून दिलेलं. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, समोर तीन-चारशे माणसं. छान बोलत होती. मधेच कागदातलं वाक्य विसरली आणि स्वतःच्या मनानं म्हणाली, ‘मग वान येते आणि आजी पापड उचलायला पळते.’ वान म्हणजे तेलुगूत पाऊस. सूत्रसंचालन माझ्याकडेच असल्यामुळे दुसरा माइक माझ्या हातात होता. मी त्यातूनच म्हणालो, ‘वान नाही, पाऊस. पाऊस म्हण.’

सगळा मांडव हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माणसं कौतुकानंच हसली असतील. पण ती थांबली. पुढचं वाक्य आलंच नाही. मी ते माइकवरून सांगितलं, तरी आलं नाही. दोन मिनिटं ती तशीच उभी होती. शेवटी तिची आई गेली आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आली. त्यानंतर दहावी होईपर्यंत ती कुठल्या व्यासपीठावर चढली नाही. मी ‘लाजरी आहे’ असं लोकांना सांगत राहिलो आणि हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं.

तर असे आम्ही दोघं शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघालो. आदिलाबाद ते हैदराबाद तीनशे किलोमीटरचा रस्ता. निर्मलचा घाट उतरताना सौ. म्हणाली, ‘अहो, तिथं काही बोलू नका बरं का.’ मी म्हटलं, ‘मी काय बोलणार? मला कळणारच नाही.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच सांगते.’

कार्यक्रम एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दालनात होता. खुर्च्या नव्हत्या. चाळीसेक तरुण मुलंमुली, बरीचशी उभीच. आमच्यासाठी कुठून तरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. समोर रंगमंचही नव्हता. एक टेबल, त्यावर दोन लॅपटॉप, आणि मागच्या भिंतीवर पांढरा पडदा. एका लॅपटॉपपाशी आमची धाकटी, दुसऱ्यापाशी तिच्याच वयाचा एक मुलगा. त्याच्याकडे चित्रांचं काम होतं.

दिवे मंद झाले. पडद्यावर काहीच नव्हतं, फक्त एक लुकलुकणारी उभी रेघ. मग त्या रेघेनं अक्षरं लिहायला सुरुवात केली. एक ओळ पुरी झाली आणि ठोका सुरू झाला. ठोका कसला, कुणी तरी सुपात धान्य पाखडावं तसा आवाज. तिनं ओळीत एक आकडा बदलला, पाखडणं दुप्पट लयीत गेलं. दुसरी ओळ लिहिली, खालून एक जड घरघर आली. पडद्यावर अक्षरांच्या मागे एक करडं वर्तुळ फिरू लागलं. आवाज वाढला की ते पसरायचं, उतरला की मिटायचं.

पहिली दहा मिनिटं मी प्रामाणिकपणे सांगतो, मला वैताग आला. एक राग नाही, एक चाल नाही, गाणारा माणूस नाही. मग मी कानांनी ऐकणं सोडून मास्तराच्या सवयीनं पडदा वाचायला लागलो, आणि तिथून गंमत वाटू लागली. कारण पडद्यावरचं लिखाण म्हणजे एका परीनं तबल्याच्या बोलांची वहीच होती. एक आवर्तन धरलेलं. त्या आवर्तनात चार शब्द लिहिले तर प्रत्येकाला पाव हिस्सा, पाच लिहिले तर पाचवा. एखाद्या शब्दाच्या जागी कंस टाकून आत दोन शब्द लिहिले, तर त्या दोघांनी मिळून एकाच्या जागेत बसायचं. म्हणजे आपली दुगुणच. दर चौथ्या आवर्तनाला अख्खी ओळ उलटी वाजव, हे सांगायला तिला तीनच शब्द पुरले.

आणि मग ती चुकली.

एक लांब ओळ ती भराभर लिहीत होती. शेवटचा कंस मिटवायचा राहिला. मला तो खुर्चीवरून दिसला. लाल शाईच्या माणसाला अशा गोष्टी आधी दिसतात. तिनं ओळ चालू करण्याची कळ दाबली आणि पडद्याच्या तळाशी चुकीची सूचना उमटली, चाळीस माणसांच्या डोळ्यांसमोर. माझ्या छातीत धस्स झालं. सौ.नं माझं मनगट घट्ट धरलं. तिला वाटलं असावं, मी आता ओरडून सांगणार, ‘कंस मिटव.’

पण गंमत अशी की, वाजणं थांबलं नाही. पाखडणं चालू होतं, घरघर चालू होती, वर्तुळ फिरत होतं. शेवटची जी ओळ बरोबर होती ती वाजतच राहिली. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी चुकीकडे बोट दाखवून आनंदानं आरोळी दिली, जणू कुणी षट्कार मारला होता. धाकटी हसली, रेघ मागे मागे नेत कंसाची जागा शोधली, कंस मिटवला, पुन्हा कळ दाबली. आणि ती लांब ओळ आत आली.

ती ओळ म्हणजे माझ्या आईचा आवाज होता.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आवाज पहिल्यांदा ओळखू आला नाही, कारण त्याचे सोळा तुकडे केले होते आणि ते वेगवेगळ्या क्रमानं येत होते. एक स्वर, श्वास, बांगडीचा आवाज, पुन्हा श्वास. मग एकेक आवर्तनाला तुकडे जागेवर येऊ लागले आणि ओवी उभी राहिली. आई जात्यावरची ओवी म्हणत होती. मधेच अडली. ‘थांब व माय, इसरली मी.’ मग तिचं ते खोकल्यातून आलेलं हसू. आणि मग एकदम घाईनं, ‘वान येऊन राह्यली, पापड उचला!’

मी पडद्याकडे पाहिलं. त्या ओळीत आवाजाचं नाव म्हणून रोमन अक्षरांत एक शब्द लिहिलेला होता: वान.

पुढचं मला फारसं आठवत नाही. पडद्यावरच्या वर्तुळात हळूहळू एक छायाचित्र उमटलं, आमच्या परसातल्या जात्याचं. गेली वीस-बावीस वर्षं त्याची वरची तळी नळाखाली पडून आहे आणि आम्ही त्यावर कपडे धुतो. ती तळी त्या पडद्यावर फिरत होती.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिच्या खोलीवर गेलो. सौ.नं घरून नेलेल्या भाकरी आणि ठेचा काढला. मी तिला विचारलं, हे सगळं आलं कुठून. मला वाटलं होतं, विलायतेतलं काही असेल. थोडंफार आहेही. संगीताचा कार्यक्रम लोकांपुढे बसून जागेवर लिहायचा आणि पडदा कुणापासून लपवायचा नाही, असं ठरवणाऱ्या काही मंडळींनी २००४ साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात आपली संघटना केली. त्यांचं म्हणणं असं की, वाजवणारा यंत्रामागे तोंड लपवून बसला तर ऐकणाऱ्याला काय कळणार, तो वाजवतो आहे की टपाल वाचतो आहे? तेव्हा पडदा उघडा ठेवा. अ‍ॅलेक्स मॅक्लीन हे इंग्लंडमधले त्यांच्यातले एक जाणते. त्यांनी ‘टायडल’ नावाची लिहिण्याची भाषा तयार केली. आमची धाकटी तीच वापरते. तिच्या सोबत्याची चित्रांची भाषा ‘हायड्रा’; ती ऑलिव्हिया जॅक या कलावतीनं केली.

‘पण बाबा, टायडलमधली ती कंसांची रीत आहे ना, जी तुम्ही ओळखलीत, तिचं मूळ लखनौला आहे.’

आणि तिनं जी हकीकत सांगितली ती मी नंतर स्वतः वाचून खात्री करून घेतली. १९८० च्या दशकाच्या आरंभी जिम किपेन नावाचे इंग्रज अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचा विस्तार करताना उस्तादांच्या बोटांतून शेकडो पलटे निघतात. पण कोणता पलटा चालेल आणि कोणता चालणार नाही याचे नियम कुठे लिहिलेले नसतात. किपेन आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच गृहस्थांनी मिळून एक उपाय काढला. बेल यांनी एका लहानशा अ‍ॅपल संगणकासाठी ‘बोल प्रोसेसर’ नावाची आज्ञावली लिहिली. किपेन यांना जे नियम समजले ते तिला द्यायचे. मग यंत्रानं त्या नियमांनी नवे पलटे करायचे आणि उस्तादांनी ते तपासून सांगायचं, हा बरोबर, हा चूक. चूक म्हटलं की नियम दुरुस्त करायचा आणि पुन्हा पलटे करायचे. पुढे त्याच आज्ञावलीची लिहिण्याची पद्धत मॅक्लीन यांनी आपल्या टायडलमध्ये घेतली.

मला यातली एक गोष्ट फार लागली. यंत्राची चूक ही तिथं फुकट जाणारी गोष्ट नव्हती. उस्ताद ‘असं नाही’ म्हणाले की त्यांच्याच मनातला एक नियम उघडा पडायचा, जो त्यांनीही कधी शब्दांत सांगितला नसेल. चुकीनं ज्ञान पुढे सरकायचं. मी ‘असं नाही’ हे शब्द आयुष्यात हजारो वेळा उच्चारले. पण त्यातून मुलाच्या मनातला नियम कोणता, हे शोधायला मी किती वेळा थांबलो?

हेच बर्नार्ड बेल पुढे आपल्या मराठी मुलखात आले. पुण्याला गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर हे दोघं खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. १९९५ च्या अखेरीस बेल त्यांना मिळाले, त्यांनी सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि ओव्या शोधता याव्यात अशी संगणकावर व्यवस्था लावून दिली. एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात आहेत. म्हणजे ज्या माणसानं तबल्याचे बोल यंत्राला शिकवले, त्यानंच जात्यापाशी बसून आपल्या आयाबहिणींचे आवाजही टिपले. धाकटीनं हे कुठे तरी वाचलं आणि एका उन्हाळ्यात सुट्टीवर आली असताना परसात पापड वाळत होते तेव्हा आजीपुढे फोन धरला. आम्ही घरातच होतो. आम्हाला पत्ता नव्हता.

ती म्हणाली, यंत्रातून काढलेलं संगीतही आपल्याकडे काही आज आलेलं नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. त्यांच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गास या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. मी म्हटलं, मग चित्रांच्या बाबतीत मीही एक सांगतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ केली. काचेवर रंगवलेली, हलणारी चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडायची आणि त्याच वेळी संवाद म्हणायचे, गाणी गायची. सिनेमा आपल्याकडे रुजायच्या आधीची गोष्ट. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.’ मी म्हटलं, ‘तू कधी विचारलं नव्हतंस.’ आणि लगेच वाटलं, तिनं विचारावं असं माझं वागणं तरी होतं का?

सौ. भांडी घासायला उठली. ती मुद्दाम उठली असावी. मी विचारलं, ‘त्या आवाजाचं नाव तू वान का ठेवलंस?’

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आजी वानच म्हणायची, बाबा. तुम्हाला माहीत नव्हतं?’

मला खरंच माहीत नव्हतं. आईचं सारं आयुष्य शेतात गेलं. निंदायला, कापूस वेचायला येणाऱ्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, काही गोंडी बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत बांधावर भाकर खाताना तिच्या बोलण्यात किती शब्द आले असतील याची मोजदाद मी कधी केली नाही. किंवा असंही असेल की, माझ्यासमोर ती जपून बोलत असेल. एम.ए. झालेल्या मुलापुढे कशाला चुकायचं, म्हणून. नातीपुढे तिला ती भीती नव्हती. सतरा वर्षांपूर्वी त्या माइकवरून मी ज्या शब्दाला चूक ठरवलं, तो बाजारातून आलेला नव्हता. तो माझ्या आईचा शब्द होता. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ती ऐकत होती.

‘तेव्हा मी माइकवरून बोललो ते चुकलं माझं,’ मी म्हणालो. वाक्य छोटं आहे, पण ते यायला सतरा वर्षं लागली.

‘मला ठाऊक आहे, बाबा,’ ती म्हणाली. मग जरा हसून म्हणाली, ‘पण तेव्हा वाजायचं थांबलं होतं ना. ते वाईट झालं.’

या एका वाक्यावर मी परतीच्या बसमध्ये रात्रभर जागा होतो. आम्हा मास्तरांना वाटतं, चूक दुरुस्त केली की काम झालं. चूक दुरुस्त करायलाच हवी. तिनंही कंस मिटवलाच, मिटवल्याशिवाय नवी ओळ आत येतच नाही. प्रश्न एवढाच की, दुरुस्ती होईपर्यंत आधीचं बरोबर असलेलं वाजत ठेवायचं की सगळंच थांबवायचं. त्या नऊ वर्षांच्या मुलीची आधीची बारा-तेरा वाक्यं चांगली होती. मी एका शब्दासाठी ती सगळी बंद पाडली. आणि भाषेपुरतं बोलायचं तर, सीमेवरच्या घराघरात आपण हेच करत नाही ना? मुलाच्या बोलण्यात दुसऱ्या भाषेचा एक शब्द आला की आपण इतक्या जोरात ‘असं नाही’ म्हणतो की मूल त्या भाषेत बोलणंच सोडून देतं. मग आपणच तक्रार करतो की पोरं मराठी बोलत नाहीत. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं शाळांतून तेलुगू सक्तीची झाली तेव्हा आम्ही मराठीचे मास्तर फार अस्वस्थ झालो होतो. ती अस्वस्थता खोटी नव्हती. पण आज वाटतं, मराठीला जेवढं भय बाहेरून आहे, तेवढंच माझ्या लाल शाईचंही होतं.

सप्टेंबरात, बतकम्मा आणि दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी, धाकटी दोन दिवस घरी आली. मी तिला शाळेत नेलं. आमच्याकडे चालू स्थितीतले चार संगणक आहेत. तिनं त्यांवर ‘सोनिक पाय’ नावाची फुकट मिळणारी आज्ञावली घातली. केंब्रिजच्या सॅम एरन यांनी ती २०१२ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठीच तयार केली. नववीच्या मुलांना तिनं एकेक ओळ लिहायला लावली. खोलीभर चुकांचा पाऊस पडला. एका मुलानं आकड्याच्या जागी अक्षर टाकलं, एकीनं ओळ अर्धीच सोडली. दरवेळी पडद्यावर सूचना यायची, दरवेळी मुलं आरडाओरडा करायची, आणि आधीचा ठोका चालूच राहायचा. शेवटच्या बाकावरचा एक गोंड मुलगा आहे. वर्गात तो तोंड उघडत नाही, मराठी त्याची तिसरी भाषा. त्यानं बराच वेळ खटपट करून एक लय बसवली. दोन जड, तीन हलके, मग एक मोकळी जागा. धाकटीनं विचारलं, ‘हे कुठलं रे?’ तो म्हणाला, ‘दंडारी.’

बरोबर होतं. दिवाळीच्या दिवसांत आमच्या डोंगरातल्या गोंड वस्त्यांतून दंडारी निघते, गावोगाव जाते. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी ढोलांच्या आवाजावर रात्र रात्र नाचतात. मारलावाईच्या कनक राजूंना या गुसाडीसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. आवाज आणि दृश्य एकत्र, लोकांच्या समोर, त्याच क्षणी घडणारं, असं मी काही हैदराबादला पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. दर दिवाळीला दारावरून जात होतं. फक्त त्यात आपल्या शिकण्यासारखं काही असेल, असं एम.ए. झालेल्या माणसाच्या मनात आलं नव्हतं.

त्या मुलाला मी म्हटलं, याबद्दल चार ओळी मराठीत लिहून आण. दुसऱ्या दिवशी त्यानं आणल्या. चार ओळींत तीन गोंडी शब्द होते, एक तेलुगू आणि लिंगाच्या दोन चुका. मी वर्गाला त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या, शेवटपर्यंत, न थांबता. लिंगाच्या चुका नंतर त्याला जवळ बोलावून पेन्सिलीनं दाखवल्या. शब्दांना हात लावला नाही. त्यांचे अर्थ त्यालाच फळ्यावर लिहायला सांगितले. वर्गानं ते उतरवून घेतले, मीही घेतले.

धाकटी परत जाताना मी तिला बसमध्ये बसवून दिलं. आभाळ भरून आलं होतं. परसात सौ.नं कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ती शेजारी गेलेली. मी फोन करून तिला सांगितलं, ‘अग, लवकर घरी जा, वान येते आहे.’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘कळलं. तुम्हीही छत्री उघडा.’